बुळबुळीच्या मागावर, नांदेड ते उदगीर

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी सासरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि "वा, काय थर जमलाय!" असं ओरडले. तेव्हा सासरी माझ्याविषयी जे मत झालं, ते आजतागायत बदललेलं नाही. मी जंतूंचा अभ्यास करते, पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते आणि गेली वीस वर्षं या थराच्या मागे आहे. जंतू एकेकटे हिंडत असले की औषधाला सापडतात. पण ओल्या जागी एकदा बस्तान बसलं की ते स्वतःभोवती चिकट पांघरूण तयार करतात आणि त्याखाली सुखाने संसार थाटतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात, मी आपली बुळबुळ म्हणते. टाकीत, मोरीत असते तोवर ती गंमत असते. जखमेवर किंवा पेशंटला घातलेल्या नळीवर बसली की गंमत संपते, कारण वरून कितीही औषध दिलं तरी ते आत पोचतच नाही.

आमच्या प्रयोगशाळेने दोन गोष्टी तयार केल्या होत्या. लघवीच्या नळीवर चढवायचा एक लेप, ज्यावर बुळबुळ बसू शकत नाही. आणि जखमेवर लावायचं जेल, जे त्या थराचं पांघरूण सैल करतं आणि आतल्या जंतूंना चांदीच्या कणांनी गाठतं. परवानग्या झाल्या होत्या, पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात दोन्ही चालल्या होत्या. आता भर उन्हाळ्यात, साध्या घरांतून त्या चालतात का ते बघायचं होतं. "मराठवाड्यात जाता का?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले. नळ्या घेतल्या, जेल घेतलं आणि जखम धुवायला निर्जंतुक सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची खोकी घेतली. प्रत्येक बाटलीवर मी मराठीत चिठ्ठी छापून चिकटवली होती: 'एकदा उघडल्यावर उरलेलं फेकून द्या.'

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेने पाणी येतंय, हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे पाणी नको इतकं असतं, भिंतींना शेवाळ धरतं आणि चार महिने कपडे वाळत नाहीत. दुष्काळ वाचून मला जेवढा कळायचा तेवढाच कळला होता.

नांदेड

पहिला मुक्काम नांदेडच्या एका कॉलेजात. तिथल्या पाटेकर सरांनी आमच्या नळ्यांचे तुकडे पाच दिवस जंतूंच्या पाण्यात बुडवून ठेवले होते. काही लेपाचे, काही बिनलेपाचे. आता त्यांना जांभळा रंग लावायचा आणि तीनदा धुवायचं. बुळबुळ असेल तिथे रंग धरून राहतो, नसेल तिथे धुऊन जातो. इतका सोपा आणि इतका देखणा प्रयोग दुसरा नाही.

पण धुवायचं कशाने? नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. खिडकीखाली एसीच्या नळीतून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं. त्या पाण्यावर काचसामान धुतलं जायचं आणि उरलेलं कडुलिंबाच्या रोपांना.

"म्याडम, आमच्याकडं एसी गारव्यासाठी न्हाई लावलेला," पाटेकर सर म्हणाले. "पान्यासाठी लावलाय. गारवा फुकटात भेटून राहिलाय."

प्रयोगासाठी शुद्ध पाण्याचा एक कॅन राखून ठेवला होता. दोन विद्यार्थिनींनी ते पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून मोजून प्रत्येक तुकड्यावर सोडलं. आमच्या प्रयोगशाळेत मी हेच काम तोटी सोडून करते आणि मधेच फोनवर बोलते. इथे एक थेंब बाहेर उडाला तर दोघी एकमेकींकडे रागाने बघत होत्या. तिसऱ्यांदा धुणं झालं. बिनलेपाचे तुकडे जांभळासारखे काळेनिळे आणि आमचे स्वच्छ, पांढरे, नुकतेच पाकिटातून काढल्यासारखे!

मी किंचाळले. बाहेरचा शिपाई काही फुटलं की काय म्हणून धावत आत आला. त्यालाही मी दोन्ही नळ्या दाखवल्या. त्याने त्या उजेडाकडे धरून बघितल्या आणि म्हणाला, "माझ्या बापाला ही नळी दीड साल होती म्याडम. दर म्हैन्याला तुंबायची, ताप यायचा. ही लेपाची नळी तवा कामून नव्हती?" कामून म्हणजे का. मी म्हटलं, आता आली आहे. त्याने मान हलवली आणि दुपारी मला गल्लीतल्या खानावळीत नेऊन गरमागरम तहारी, म्हणजे इकडचा मसालेभात, खायला घातली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, पण समोरच्या पेल्यात पाणी अर्धंच होतं. नांदेडपासूनच ही रीत दिसायला लागली. पाहुण्याला विचारायचं, "अर्धा का भरून?" आणि पाहुण्याने शहाण्यासारखं अर्धाच म्हणायचं. मी पहिल्या दिवशी ऐटीत "भरून" म्हणाले आणि अर्धा पेला टाकून उठले. वाढणाऱ्या बाईंनी तो उष्टा पेला दारातल्या झाडाच्या मुळाशी रिकामा केला.

लातूर

नांदेडहून लातूरला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन उलली होती. एकेका भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला असता. गावागावांत रस्त्याकडेला घागरी, कॅन, पिंपं ओळीने ठेवलेली आणि प्रत्येकावर तेलरंगात घराचं नाव. माणसं सावलीला आणि त्यांच्या नावाची पिंपं उन्हात टँकरची वाट बघत उभी. लातूरच्या लॉजमध्ये स्नानगृहाच्या दारावर पाटी होती, 'एक माणूस एक बादली'. सकाळी नाश्त्याला सुशीला आली, चुरमुरे भिजवून केलेली, दाण्याचा कूट घातलेली, पुठ्ठ्याच्या बशीत. तिच्यावर मी इतकी खूश झाले की रोज दोन बशा खायला लागले.

ज्या सर्जनसाहेबांकडे जायचं होतं ते कमी बोलणारे, उंच, सतत घाईत. त्यांनी मला सरळ तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे अप्पा भेटले.

अप्पा उदगीरचे. धान्याची आडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल घेऊन विकायचं दुकान. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात पांढरा स्वच्छ सदरा आणि धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. शेजारी त्यांची बायको. तिला सगळे अव्वा म्हणत होते, डॉक्टरसुद्धा. अप्पांचा उजवा पाय स्टुलावर होता. तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, जुन्या रुपयाएवढी जखम. वर पिवळट चकचकीत थर. खोटं कशाला बोलू, बाई म्हणून मला कळवळा आला आणि जंतुशास्त्रवाली म्हणून हात शिवशिवले.

चाळीस वर्षं अप्पा दुकानापुढच्या अंगणात पसरलेली तूर अनवाणी पायांनी फिरवत आले. पाय घासत, रेघा ओढत चालायचं, म्हणजे दाणा खालीवर होऊन वाळतो. "माल ओला का सुका ते मला पायाला कळतंय," ते म्हणाले. मग साखरेचा आजार झाला आणि पायाची जाण हळूहळू गेली. एक दिवस पोतं शिवायच्या दाभणाचं मोडकं टोक तळव्यात घुसलं. तीन दिवस ते घेऊन अप्पा हिंडले. अव्वांना फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा कळलं.

"अप्पा, मी स्पष्ट सांगतो," सर्जनसाहेब म्हणाले. "पायाला रक्त नीट येतंय, म्हणून मी थांबलोय. आज जखम खरवडून साफ करतो. पंधरा दिवस देतो. तोवर खाली लाल मांस धरलं तर ठीक. नाही तर अर्धं पाऊल काढावं लागेल, किंवा पुढे गुडघ्याखालून पाय."

अव्वांनी पदर घट्ट धरला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या म्याडम पुन्याहून औषध घेऊन आल्यात म्हनं. वाचंल का वो?"

मी उत्साहाच्या भरात "वाचेल की!" म्हणून गेले. सर्जनसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मी जमिनीवर आले, पण शब्द तोंडातून गेला होता.

उदगीर

खरवडल्यानंतरचे दोन दिवस सोन्याचे असतात. थर निघालेला असतो आणि जंतू उघड्यावर असतात. तेवढ्यात जेल लावलं आणि पुढे रोज स्वच्छ सलाइनने धुऊन लावत राहिलं तर थर पुन्हा बसत नाही. हे मी उदगीरला अप्पांच्या घरी, ओट्यावर बसून, हातवारे करकरून सांगितलं. ऐकायला अव्वा होत्या आणि वाघमारे सिस्टर. या सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. सकाळी बुद्धवंदना झाली की स्कूटर काढायची आणि गावभर घरोघर ड्रेसिंग करत फिरायचं, हा त्यांचा नेम. अप्पांकडे त्या दर तीन दिवसांनी येणार होत्या. मधले दिवस अव्वा करणार होत्या.

अव्वांचा हात बघून मी थक्क झाले. हात साबणाने धुतले, पट्टी चिमट्याने उचलली, जेल सारखं पसरलं. अप्पा मधेच "साकु, साकु" म्हणायचे. घरात ते कानडी बोलत आणि साकु म्हणजे पुरे. सलाइन ओतताना तर ते दर धारेला साकु म्हणत होते. आपल्या पायावर एवढं पाणी जातंय याचाच त्यांना त्रास होत होता.

जेवायला पत्रावळी होत्या, ताटं धुवायला नकोत म्हणून. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गव्हाची खीर, हुग्गी. साखरेच्या आजारामुळे अप्पांच्या पत्रावळीत हुग्गी नव्हती. ते माझ्या पत्रावळीकडे ज्या नजरेने बघत होते, ती चुकवायला मी हुग्गी आधी संपवून टाकली. जेवताना त्यांनी नवी छापलेली पोती दाखवली. त्यांच्यावर दुकानाच्या नावाखाली ठळक अक्षरांत 'जिल्हा उदगीर' असं होतं.

"पण उदगीर तर लातूर जिल्ह्यात आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. पन आज न् उद्या जिल्हा व्हतोयच. आमी वाट बघून राहिलो. तवा परत कशाला छापायची?"

सिस्टर हसून म्हणाल्या, "अप्पा, आधी पाय. मग जिल्हा."

सात बाटल्या ठेवून मी निघाले. रोज एक उघडायची, एका धुण्याला पाव बाटली लागते, उरलेलं फेकून द्यायचं. अव्वांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मान हलवली आणि बाटल्या देवघराशेजारच्या कपाटात रांगेत लावल्या.

देवणी

मधल्या दिवसांत भोकरला तिथल्या डॉक्टरांकडून दोन पेशंटांना आमच्या नळ्या बसवून आले आणि मग देवणीला गेले. देवणीला कामच होतं असं नाही. ज्यांच्या नावाचा सगळीकडे बोलबाला आहे ती देवणी गुरं मला बघायची होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब कान, आणि चालणं असं रुबाबदार की आपणच वाट सोडावी. गावाबाहेरच्या गोठ्यात मारोतीराव नावाचे गृहस्थ दगडी कुंडाजवळ बसले होते. कुंड कोरडं होतं. ते त्यात वाकून सुक्या राखेने आणि खापरीच्या तुकड्याने आतली बाजू घासत होते.

"पाणी नाही तरी घासता?" मी विचारलं.

"पानी न्हाई म्हनून तर घासतोय," ते म्हणाले. "टँकर दुपारी येतोय. आदीचं बुळबुळ हाय त्यात चांगलं पानी वतलं की पानी बी गेलं. नुसतं पानी मारून ते निघत न्हाई, घासल्याबिगर जातच न्हाई. अन घासलं की लगेच भरायचं, लई येळ ठिवायचं न्हाई."

मी त्यांचा खापरीवाला हात धरून जोरजोरात हलवला. परिषदांमधून डॉक्टरांपुढे मी जे तासभर बोलते ते या माणसाने दोन श्वासांत सांगितलं होतं. आधी घासा, मग लगेच लावा. मारोतीराव हात सोडवून घेत म्हणाले, "बसा म्याडम, ऊन लागलंय तुमाला." मग त्यांच्या सुनेने गूळ आणि अर्धा पेला पाणी आणलं. या वेळी मी अर्धाच मागितला होता आणि तळ दिसेपर्यंत प्याले.

त्या आनंदात मी आठव्या दिवशी उदगीरला परतले. वाटेत मनातल्या मनात अप्पांच्या जखमेत लाल मांस धरलेलं बघत होते.

पुन्हा उदगीर

पट्टी सोडली आणि वास आला.

तो वास मी झोपेतही ओळखेन. गोडसर, शिळ्या द्राक्षांसारखा. जखमेवर तोच पिवळा चकचकीत थर, कडेला हिरवट झाक. जेल त्याच्यावर तरंगत होतं. सात दिवस हातात राहिले होते.

"रोज धुतलं ना?" माझा आवाज चढला.

"रोज धुतलं म्याडम. एक दिस बी चुकले न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"जेल लावलं?"

"हाव. तुमी दाखवलं तसंच."

माझी नजर कपाटाकडे गेली. सातातल्या पाच बाटल्या सीलबंद, जशा मी लावल्या तशाच. आता मात्र माझा तोल गेला. "मग धुतलं कशाने? या बाटल्या शोभेला ठेवल्या होत्या का? माणसाचा पाय जायची वेळ आली आहे आणि तुम्ही..."

अव्वा घाबरून देवघरात गेल्या आणि दोन्ही हातांनी झाकणाची एक स्टीलची कळशी घेऊन आल्या. पहिल्या दिवशी बाटली उघडली. पाव लागली, पाऊण उरली. ती त्यांनी स्वच्छ फडक्यातून गाळून या कळशीत ओतली. कळशी उकळत्या पाण्याने धुतलेली, आणि ठेवली कुठे, तर घरातल्या सगळ्यांत पवित्र जागी. कळशीतलं संपेपर्यंत दुसरी बाटली उघडायची नाही. दुसरीही तशीच.

"फेकून द्या लिवलंय, वाचलं मी," अव्वा म्हणाल्या. "पन म्याडम, गल्लीत बाया घागरीसाठी भांडून राहिल्यात. अन मी एवढं काचेवानी पानी गटारीत वतू? हात धजत न्हाई वो. माझा हातच धजत न्हाई."

मी कळशीत हात घातला. आतून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं. वीस वर्षं मी जिच्या मागे आहे ती बुळबुळ या कळशीत बसली होती, आणि अव्वा रोज श्रद्धेने तिलाच अप्पांच्या पायावर ओतत होत्या. चूक कुणाची? मीच ती चिठ्ठी छापली होती. पाव बाटली लागत असताना अर्ध्या लिटरच्या बाटल्या आणल्या होत्या मीच, आणि उरलेलं फेकून द्या असं दुष्काळातल्या बाईला सांगितलं होतं तेही मीच. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसले आणि अव्वांचे पाय धरले. त्या आणखीच घाबरल्या.

तेवढ्यात वाघमारे सिस्टरांची स्कूटर वाजली. त्यांनी जखम बघितली, कळशी बघितली, मला बघितलं. सिस्टर चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्याच, पण माझ्यावर.

"म्याडम, आव्वाला कामून बोलता? मी चौथ्या दिशी आले, तवा मी बी ह्या कळशीतलंच घेतलं. मला वाटलं नवी बाटली वतून ठिवलीय. मी बी विचारलं न्हाई." मग ओट्यावर बसून त्यांनी बोटं मोजली. "अप्पा एक. कापडवाल्याची आई दोन. पोस्टातले मामा तीन. किल्ल्याकडची ती सून चार. ह्या गल्लीत माझ्या चार जखमा हायत. एका बाटलीत चौघांचं व्हतंय का न्हाई?"

"होतंय," मी म्हटलं. "पण..."

"पन बिन काई न्हाई. रोज सकाळी समद्यांनी इथं यायचं. एक बाटली उगडायची, चौघांचं एकदम करायचं, बाटली रिकामी. उरलंच न्हाई तर फेकायचं काय?"

मी ओरडले नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं. इतकं सरळ उत्तर पुण्यात बसून आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. पण जंतू एकाचे दुसऱ्याला जायला नकोत, मी त्यांना सांगितलं. प्रत्येकाची वेगळी वाटी हवी, वाट्या कुकरमध्ये वाफवलेल्या, त्याला पाणी लागतं फक्त पेलाभर. आणि बाटलीचं तोंड कशालाही लागता कामा नये, वाटीलासुद्धा. वरून धार सोडायची.

"वरून धार?" सिस्टर हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "ते आमाला शिकवू नका म्याडम. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर अशीच वरून धार सोडायचे. भांड्याला भांडं लागू द्यायचे न्हाईत. तिनं ओंजळ धरायची अन वरून पानी. लई नेम धरून वतायचे लोक."

अव्वांनी मान खाली घातली. अप्पा जखमी पाय धरून बसले होते. मग ते म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून समदे हितंच बसू. तुमी वता."

दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन जखम पुन्हा खरवडून आणली. सर्जनसाहेब म्हणाले, तारीख बदलणार नाही. तिसऱ्या दिवसापासून अप्पांच्या ओट्यावर रोज सकाळी चार माणसं पाय पसरून बसायला लागली. कुकरची शिटी व्हायची, वाट्या मांडल्या जायच्या, सिस्टर उभ्या राहून एका हाताने धार सोडायच्या. एक थेंब वाटीबाहेर गेला नाही. मी मोजायला बसले होते, म्हणून सांगते. बाटली रिकामी झाली की अव्वा ती उलटी धरून बघायच्या, मगच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. पोस्टातले मामा गावगप्पा सांगायचे, कापडवाल्याची आई जिल्हा कधी होणार यावर अप्पांशी भांडायची. पाचव्या दिवशी पट्टी सोडल्यावर वास आला नाही. सहाव्या दिवशी मी भिंग लावून बघितलं आणि मला काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. पण मी तोंडातून शब्द काढला नाही. एकदा बोलून बसले होते, तेवढं पुरे होतं.

लातूर, पंधरावा दिवस

जीपमध्ये मागे अप्पा, अव्वा आणि सिस्टर, पुढे मी. रुग्णालयात अप्पांच्या नावापुढे शस्त्रक्रियेची वेळ लिहिलेली होती. त्यांना उपाशी आणायला सांगितलं होतं. अव्वांनी एका पिशवीत त्यांचे दोन सदरे आणि धोतर घेतलं होतं, काखेत कुबड्या होत्या. त्या कुबड्यांकडे मला बघवत नव्हतं.

सर्जनसाहेबांनी पट्टी सोडली. दिवा जवळ ओढला. चिमट्याने कडा दाबल्या. मग खरवडायची छोटी सुरी घेतली आणि जखमेच्या मध्यावर हलकेच फिरवली. थर निघाला नाही, कारण निघायला थर नव्हता. सुरीच्या मागोमाग लालभडक रक्ताचे बारीक थेंब आले, ताजे, चमकणारे. आयुष्यात रक्त बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी सिस्टरांकडे बोट दाखवलं. सिस्टरांनी अव्वांकडे. अव्वांनी काय चाललंय ते न कळून अप्पांकडे.

सर्जनसाहेबांनी सकाळीच काढलेला एक्स-रे दिव्यावर लावला. "करंगळीचं हाड सडलंय, ती काढावी लागेल. ती आज काढतो. पाऊल काढायचं नाही. पाऊल राहील."

अव्वांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. सिस्टरांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आव्वा, पाय हाय. पाय ऱ्हातोय." अव्वा स्टुलावर मटकन बसल्या.

"पण अप्पा, ऐका," सर्जनसाहेब बोट वर करून म्हणाले. "करंगळी निघाल्यावर तीन महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. तुरीत तर नाहीच नाही. कुबड्यांवर चालायचं. पाय टेकवलेला मला कळला तर याद राखा."

अप्पांनी आपल्या पायाकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"कापायचा बी न्हाई, अन टेकवायचा बी न्हाई," ते म्हणाले. "मग ठिवलाव कशाला वो सायब?"

घाईतले सर्जनसाहेब सुरी खाली ठेवून हसायला लागले. सिस्टर भिंतीला टेकून हसत होत्या. अव्वा पदरात तोंड घालून रडत होत्या. मी दोन्ही करत होते.